इन्स्पेक्शन, जास्वंद आणि लाल त्रिकोण

बेंगळुरूला पोस्टिंग आलं की फौजेतले मित्र अभिनंदन करतात. हवा चांगली, शाळा चांगल्या, मिलिटरी हॉस्पिटल जवळ. मलाही बरं वाटलं. सियाचीनचं ग्लेशियर नाही, वाळवंट नाही. एका संस्थेच्या परिसराची प्रशासकीय जबाबदारी माझ्याकडे आली. म्हणजे पाणी, वीज, रस्ते, क्वार्टर्स आणि बाग. बागेचं नाव यादीत शेवटी होतं आणि माझ्याही मनात ते शेवटीच होतं. आजचा लेख मात्र त्या बागेवर आहे, कारण वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत मी दिलेल्या ज्या हुकमांची मला लाज वाटते, त्यातला एक या बागेत दिलेला आहे.

इथला वसंत आपल्याकडच्यासारखा होळीची वाट बघत नाही. जानेवारी सरता सरता टॅबेबुया गुलाबी होतात. फेब्रुवारीत करंज, ज्याला इथे होंगे म्हणतात, सगळी पानं गाळतो आणि पंधरवड्यात पोपटी होऊन उभा राहतो. कोवळी पालवी आली की तिचा रस शोषणारेही येतात. गुलाबावर मावा आणि फुलकिडे, क्रोटनवर खवले कीड, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण. हे दरवर्षीचं आहे. त्यात आमचं वार्षिक इन्स्पेक्शनही नेमकं याच दिवसांत येतं.

ज्यांनी फौजेत काढलीत त्यांना इन्स्पेक्शनपूर्वीचे पंधरा दिवस सांगायला नकोत. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना. दगडांना चुना. कुंड्या रांगेत, दोरी लावून. आणि बाग ‘फुल ब्लूम’मध्ये दिसावी म्हणून युरियाचा हात सैल. मीही तेच केलं. मुख्य रस्त्याच्या कडेला जास्वंदीचं शंभरेक मीटर लांब कुंपण आहे. इन्स्पेक्शनच्या आठ दिवस आधी सकाळी फेरी मारताना पाहिलं, तर शेंडे आकसलेले, पानं चुरगळलेली आणि फांद्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके. काही पांढऱ्या लोकरी अळ्या तर चांगल्या बोटाच्या पेराच्या निम्म्या लांबीच्या.

मी म्हणालो, “सोमवारपर्यंत हे सगळं साफ पाहिजे. स्प्रे करा.”

आमच्या हेड माळ्यांना सगळे अण्णा म्हणतात. साठीच्या आसपासचे, तिगळ समाजाचे. बेंगळुरूत पिढ्यानपिढ्या बागायत करणारा हा समाज, चैत्र पौर्णिमेचा करगा उत्सव त्यांचाच. अण्णा म्हणाले, “सार, वो सब खराब कीड़ा नहीं, सार. उसमें एक...” मी पुढे चालू लागलो होतो. सोबतच्या सुभेदार साहेबांनी त्यांच्याकडे ‘नंतर’ अशा अर्थाने पाहिलं. फौजेत ‘नंतर’ म्हणजे कधी, हे आपल्याला माहीत आहे.

स्टोअरमध्ये एक कॅन पडलेला होता. कुणाच्या काळात आला, ठाऊक नाही. सोमवारी ठेकेदाराच्या एका पोराने पाठीवर पंप घेऊन फवारणी केली. विशीतला असेल. तोंडाला रुमाल, पायात स्लिपर, हातमोजे नाहीत. मी ऑफिसला जाताना त्याला पाहिलं. त्याने सलाम केला, मी मान हलवली.

दुपारी अडीचला तो एमआय रूममध्ये होता. उलट्या, घामाने चिंब, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तरुण डॉक्टर मुलीने मला विचारलं, “सर, कौन सा केमिकल था?” मला माहीत नव्हतं. कॅनवरचं लेबल अर्धं गळून पडलं होतं. ज्या फवारणीच्या कागदावर माझी सही होती, त्यावर फक्त ‘इन्सेक्टिसाइड’ लिहिलं होतं. तिने लक्षणांवरून ओळखलं, अ‍ॅट्रोपिन दिलं, हॉस्पिटलला पाठवलं. पोरगा वाचला. तिसऱ्या दिवशी चालत घरी गेला. पण कॅनमध्ये काय होतं हे विचारल्यावर मी जो गप्प उभा राहिलो, ती दोन-चार सेकंदं अजून जात नाहीत.

याचं एक कारण घरचं आहे. माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात. 2017 च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. त्यात माझा चुलत भाऊ होता. मी तेव्हा उत्तर काश्मीरमध्ये होतो. काकूचा फोन आला, “बापू, त्याले डोळ्यानं दिसून नाई राह्यलं.” तो बरा झाला. पण त्या दिवसांत मी मेसमध्ये बसून किती तावातावाने बोललो होतो! उघड्या अंगाने फवारणी करायला लावणारे कोण, हातमोजे न देणारे कोण, लेबल न वाचणारे कोण, यांना धरलं पाहिजे. पुढे काही वर्षांनी, बेंगळुरूच्या उत्तम हवेत, तो ‘कोण’ मीच निघालो. शेतकऱ्याला निदान पीक वाचवायचं होतं. मला कुंपण चांगलं दिसायला हवं होतं.

आता एक गोष्ट फौजी वाचकांसाठी. आपण सगळ्यांनी एनबीसीचं ट्रेनिंग केलंय. मास्क, सूट, मांडीत टोचायचं अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन. नर्व्ह एजंटचा शोध कसा लागला ते आठवतंय? 1936 मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ नवीन कीटकनाशक शोधत होता. त्याच्या हाती जे लागलं ते टाबुन. दोन वर्षांनी सारिन. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं त्याच कुळातली आहेत. मात्रा आणि तीव्रता वेगळी, पण शरीरात काम एकच. नसेकडून स्नायूला गेलेला इशारा थांबवणारं एन्झाइम ती बंद पाडतात. ज्या विषासाठी आपण जवानाला मास्क देतो आणि महिनोन्महिने ड्रिल करून घेतो, त्याच्या चुलत भावंडासाठी आपण ठेकेदाराच्या पोराला रुमाल देतो.

आणि आपल्या भाषेत त्याला म्हणतो औषध. ‘औषध मारलं का?’ गावाकडे हाच शब्द. अण्णांनी सांगितलं, कन्नडमध्येही औषधीच म्हणतात. शब्दच असा असल्यावर हातमोजे घालायचं कुणाच्या मनात येईल?

पुढे काय झालं ते सांगतो. इन्स्पेक्शन झालं. वरिष्ठांची गाडी त्या कुंपणाजवळून गेली, थांबली नाही. तीन आठवड्यांनी कुंपण पहिल्यापेक्षा जास्त पांढरं झालं होतं. पानांवर चिकटा, चिकट्यावर काळी बुरशी आणि मुंग्यांची रांग.

तेव्हा मी अण्णांकडे गेलो. यावेळी एकटा, आणि ऑफिसमध्ये न बोलावता. म्हटलं, “अण्णा, त्या दिवशी काय सांगत होतात?”

त्यांनी टोमणा मारला नाही. कुंपणाच्या टोकाला, जिथे फवारा नीट पोचला नव्हता, तिथे मला घेऊन गेले. गवताची काडी तोडली आणि एका पांढऱ्या पुंजक्याला हलकेच टोचली. काही हललं नाही. “ये खराब.” मग शेजारच्या मोठ्या लोकरी अळीला टोचलं. ती लगबगीने फांदीच्या मागे पळाली. “ये उसको खाता, सार. हमने दोनों को मारा.”

ती पळालेली अळी क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची होती. मोठा झाला की काळा-तपकिरी, मसुरीच्या डाळीएवढा किडा होतो. पण अळीपणी अंगावर मेणाची पांढरी झालर असते, त्यामुळे हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. फरक एवढाच की ढेकूण लहान आणि जागेवर बसलेला असतो, ही मोठी आणि चपळ असते. एक अळी वाढीच्या काळात ढेकणाची शेकडो अंडी-पिल्लं खाते. हा किडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1898 मध्ये कॉफीवरच्या किडीसाठी भारतात आणला आणि दक्षिणेत इथलाच होऊन राहिला.

फवारणीत हाच आधी मरतो. तो उघड्यावर फिरत असतो. ढेकणाच्या अंगावर मेण असतं, अंडी कापसाच्या पिशवीत असतात, बरेच ढेकूण सालीच्या फटीत. विष त्यांच्यापर्यंत अर्धवट पोचतं. उरलेल्या अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात तेव्हा त्यांना खाणारं कुणी उरलेलं नसतं. त्यात मी युरिया टाकून कोवळी, रसाळ पालवी वाढून ठेवली होती. रेंजवर आपल्याला पहिल्या दिवशी काय शिकवतात? टार्गेट ओळखल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाणार नाही. खडकवासल्याला कॅडेट असताना ही गोष्ट माझ्याकडून शंभर वेळा घोकून घेतली होती. कुंपणापाशी मी ती विसरलो.

ही चूक माझ्या एकट्याची नाही, जुनी आहे. कॅलिफोर्नियात संत्र्याच्या बागा खवले किडीने संपत आल्या होत्या. 1888-89 मध्ये ऑस्ट्रेलियातून व्हेडालिया नावाचा छोटा लाल-काळा ढालकिडा आणून सोडला आणि थोड्याच काळात बागा वाचल्या. पुढे 1940 च्या दशकात तिथे डीडीटी फवारायला सुरुवात झाली, व्हेडालिया मेला आणि पन्नास वर्षं दबलेली कीड परत उठली.

आणि बेंगळुरूत राहून हे मला ठाऊक नसावं, याची आणखी एक लाज. या विषयातली देशातली महत्त्वाची संस्था आमच्यापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर, हेब्बाळला आहे: राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो. मराठी वाचकांनी या शहराचे दोन उपकार लक्षात ठेवावेत. पहिला, गाजर गवत. 1950 च्या दशकात ते पुण्यात दिसलं आणि तिथून देशभर गेलं. कँटोन्मेंटमध्ये ते उपटण्याची फटीग आपण सगळ्यांनी केली आहे, अंगाला खाजही आली आहे. त्यावर जगणारा मेक्सिकन भुंगा 1983 मध्ये आणला तो बेंगळुरूला, आणि 1984 पासून इथूनच सोडला गेला. पावसाळ्यात गाजर गवताच्या पानांची चाळणी झालेली दिसली तर ते काम त्याचं.

दुसरा उपकार पपईच्या पिठ्या ढेकणाचा. ही मेक्सिकोकडची कीड 2008 मध्ये कोईम्बतूरला सापडली. पपई, तुती, टॅपिओका, बागेतली जास्वंद, काही सोडलं नाही. 2010 पर्यंत पुण्याकडच्या पपईवरही पोचली. शेतकरी फवारून थकले. 2010 मध्ये प्वेर्तो रिकोहून तीन जातींचे परजीवी कीटक बेंगळुरूला आणले, तपासले, वाढवले आणि सोडले. त्यातला अ‍ॅसिरोफॅगस पपयी नावाचा एक मिलिमीटरही लांब नसलेला कीटक ढेकणाच्या अंगात अंडी घालतो. काही महिन्यांत साथ ओसरली. विमान नाही, पंप नाही, कुणाला अ‍ॅट्रोपिन द्यावं लागलं नाही.

आता माझं म्हणणं स्पष्ट मांडतो. आपल्या कँटोन्मेंटमधल्या, शाळांमधल्या, सोसायट्यांमधल्या बागा शोभेच्या आहेत. त्यांच्यासाठी कुणाच्या शरीरात विष जावं, इतकी ती शोभा मोलाची नाही. म्हणून शोभेच्या झाडांवर लाल त्रिकोणाचं विष वापरूच नये. कीटकनाशकाच्या डब्यावर कोनावर उभा एक चौकोन असतो, त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून केलेली ही सोय आहे. आम्ही अधिकारी मात्र वाचता येत असून बघत नाही.

यावर माझ्याच मेसमध्ये आक्षेप आले. पहिला, “सर, तुमचे किडे महिना घेणार आणि इन्स्पेक्शन चार दिवसांवर.” खरं आहे. ढालकिडे सोडले तर फरक दिसायला महिना-दीड महिना लागतो. म्हणूनच काम जानेवारीत सुरू करायचं असतं. जे इन्स्पेक्शनच्या चार दिवस आधी आठवतं, ती देखभाल नव्हे, रंगरंगोटी असते. दुसरा आक्षेप, “मग डेंग्यूची फवारणीही बंद करायची का?” नाही. माणसाच्या जिवाचा प्रश्न वेगळा, त्याचे नियम आरोग्य विभाग ठरवतो. वाळवीने छप्पर खाल्लं तर तिथेही इलाज करावाच लागतो. मी जास्वंदीबद्दल बोलतोय. तिसरा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक होता. एक कर्नल साहेब म्हणाले, “पांढरं कुंपण दिसलं तर रिपोर्टमध्ये लिहिणार माझ्या नावावर. पोरगा आजारी पडला तर तो ठेकेदाराचा.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुखणं नेमकं तिथेच आहे. त्या पोराच्या जागी ठेकेदाराने दुसऱ्याच दिवशी नवा पोरगा पाठवला होता, त्याच पंपासकट. मी तो पंप परत पाठवला आणि झालेलं सगळं वर लेखी कळवलं. ते आधी करायचं होतं.

या वर्षी आम्ही काय केलं ते सांगतो. यातलं काहीच अवघड नाही, घरच्या बागेतही चालतं.

जानेवारीपासून दर बुधवारी अण्णा आणि एक जवान बागेची फेरी मारतात, पानं उलटून बघतात आणि वहीत लिहितात: कोणतं झाड, कोणती कीड, तिला खाणारं कुणी आहे का. वही माझ्या टेबलावर येते. युरिया बंद, शेणखत चालू. आकसलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून पुरतात, कचऱ्यावर फेकत नाहीत. मावा आणि ढेकणावर सकाळी पाइपाने पाण्याचा जोरदार फवारा. निम्मं काम तिथेच होतं. मग मुंग्या. ढेकणांचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात आणि बदल्यात ढालकिड्यांना हुसकावतात. मुंग्यांची वारुळं शोधून काढली, जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या. एवढं करूनही वाढलं, तरच लिटरला पाच मिली निंबोळी तेल थोड्या साबणाच्या पाण्यात घोटून, तेही संध्याकाळी आणि तेवढ्याच फांद्यांवर. जिथे क्रिप्टोलेमस सोडले, तिथे तेही नाही. एका झुडपाला साधारण दहा किडे सोडले.

आणि स्टोअर. कोतमधल्या एकेका राउंडचा आपण हिशोब ठेवतो. तसाच आता या डब्यांचा ठेवतो. कुलूप, रजिस्टर, प्रत्येक डब्याला पूर्ण लेबल, आणि रसायनाचं नाव लिहिल्याशिवाय कुणी सही करायची नाही. बिनलेबलाचे जुने डबे होते, ते विल्हेवाटीसाठी रीतसर सोपवले. हँडिंग-टेकिंगच्या यादीत हे पान घातलंय, म्हणजे माझ्यानंतर येणाऱ्याला विचारल्यावर गप्प उभं राहावं लागणार नाही.

कुंपण या वर्षी कसं आहे? शंभर टक्के हिरवं नाही. मधेमधे चार-पाच शेंडे आकसलेले आहेत, एका ठिकाणी छाटल्यामुळे खिंडार आहे. तिथे पुढच्या पावसाळ्यात जास्वंद न लावता दुसरं काहीतरी लावू, असं अण्णा म्हणतात. एकाच झाडाचं शंभर मीटर कुंपण म्हणजे किडीला एका रांगेत मांडलेली पंगत. इन्स्पेक्शनला वरिष्ठ आले तेव्हा मी त्यांना मुद्दाम तिथे थांबवलं. गवताची काडी त्यांच्या हातात दिली आणि अळीला टोचायला सांगितलं. ती पळाली. साहेब हसले आणि म्हणाले, “हे मला कुणी कधी दाखवलं नव्हतं.” मी म्हटलं, “सर, मलाही नव्हतं दाखवलं. म्हणजे दाखवत होते, मी थांबलो नव्हतो.”

तो पोरगा आता कुठे आहे, ठाऊक नाही. ठेकेदाराकडे चौकशी केली, तर म्हणाला, गावी गेला. रायचूरकडचा होता म्हणे. गावी म्हणजे बहुतेक कापसातच असेल, पाठीवर पंप घेऊन.

माझ्या वाचकांत निवृत्त मंडळी पुष्कळ आहेत. तुमच्यातले कितीतरी जण आज सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, शाळांच्या कमिट्यांवर आहेत, गावी शेती बघतात. या आठवड्यात एक काम करा. बागेच्या स्टोअरमध्ये जा, डबे बाहेर काढा आणि त्रिकोण बघा. मग जो फवारतो त्याला विचारा, हातमोजे कुठे आहेत. आणि तो काही सांगू लागला, तर थांबा.

जय हिंद.